उष्टे कान

५ मार्च

प्रिय दादा,

पाकीट बघून घाबरू नकोस. बाबा आहेत. पहिल्याच ओळीत सांगून टाकलं, कारण तू पाकीट उभ्याउभ्या फाडणार आणि वाचायच्या आधीच भलतंच मनात आणणार, हे मला माहीत आहे.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. जानेवारीत बाबांना झटका आला तेव्हा माझ्या निरोपावर ‘कळलं’ एवढंच उत्तर आलं होतं. त्यावरून भांडत नाही. भांडायला वेळच नाही.

बाबांची उजवी बाजू अजून हलत नाही. बोलणं गेलं आहे, म्हणजे आवाज आहे, पण तोंडाला हवं ते वळण देता येत नाही. जे बाहेर पडतं ते शब्द आहेत की नुसता आवाज, हे सांगणं कठीण. लिहिता येत नाही. मान ते सगळ्यालाच होकारार्थी हलवतात. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी परवा विचारलं, ‘काका, तुम्ही बाईमाणूस आहात ना?’ बाबांनी गंभीरपणे मान डोलावली.

आता मुख्य गोष्ट. डोक्याच्या दुसऱ्या तपासणीत एका रक्तवाहिनीवर फुगा दिसला आहे. मटारच्या दाण्याएवढा. आज फुटेल किंवा कधीच फुटणार नाही. फुटला तर संपलंच. ऑपरेशन करून तो बंद करता येतो, पण या वयात, या अवस्थेत, टेबलावरच काहीही होऊ शकतं. सर्जननी महिनाअखेरची तारीख धरून ठेवली आहे. पंचवीसपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. बाबांची इच्छा काय आहे, ते बाबांनीच सांगायला हवं, आणि बाबा गेले काही दिवस एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतायत.

ते सोबतच्या पेनड्राइव्हवर आहे. ऐक आणि जे ऐकू येईल ते लिहून पाठव. मला काय ऐकू येतं ते विचारू नकोस, मी सांगणार नाही. वहिनीला दुसऱ्या खोलीत बसवून वेगळं ऐकव, आणि ऐकून होईपर्यंत दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलू नका. संसारात एवढं एकदा जमेल.

काहीच कळलं नाही तर ‘काहीच कळलं नाही’ असं लिही. आमच्या प्रयोगशाळेत माणसांकडून हे उत्तर काढणं सगळ्यात अवघड जातं. लोकांना लाज वाटते, मग ते काहीतरी ठोकून देतात. तू ठोकू नकोस.

तुझी,
बारकी

ता. क. तोंडात कापूस कोंबून माणसांना ‘मग, काय चाललंय?’ विचारायचा तुझा धंदा आहे. त्यांचं तुला कळतं, तर हेही कदाचित कळेल.


८ मार्च
(हे पत्र पाठवणार नाही. तुझं उत्तर येईपर्यंत माझ्याजवळ राहील.)

दादा,

तुला जे सांगायचं नाही ते कुठेतरी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, म्हणून हे.

मी जे काम करते त्याला तू ‘कानात खरखर घालण्याची नोकरी’ म्हणायचास. ते काही खोटं नाही. आम्ही एखादं वाक्य खरखरीत इतकं बुडवतो की माणसाला ते जेमतेम ऐकू यावं, आणि मग बघतो, त्याचा मेंदू त्यातून अर्थ कसा बाहेर काढतो. त्यात एक गंमत आहे. पूर्ण बुडालेलं, कुणालाच न कळणारं वाक्य घ्यायचं आणि ऐकणाऱ्याला ते आधी कागदावर दाखवायचं. मग खरखर लावली की वाक्य स्वच्छ ऐकू येतं. नुसतं ऐकू येत नाही, तर ‘हे मघाशी मला कसं कळलं नाही’ असं त्याला वाटतं. एकदा ते ऐकू आलं की मग न ऐकणं हातात राहत नाही.

म्हणून आमच्याकडे पहिल्या दिवसापासून एक नियम आहे. ज्याने वाक्य लिहिलं किंवा वाचलं, तो त्या वाक्याचा श्रोता होऊ शकत नाही. त्याचा कान उष्टा झाला. हा शब्द आमच्या मोठ्या बाईंचा, त्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. नवा माणूस वाक्यांच्या कपाटाजवळ घुटमळला तरी त्या ओरडतात, ‘कान उष्टे करू नकोस रे.’

आणि हा नियम मीच मोडला. प्रयोगशाळेत नाही, वॉर्डात.

सर्जन त्या दिवशी फेरीला आले. बाबांच्या पायाशी उभे राहून म्हणाले, ‘काय काका, ऑपरेशनचं बघायचं ना?’ मग मला बाहेर घेऊन गेले आणि बाकीचं बाहेर बोलले. मी आत आले तेव्हा बाबा माझ्याकडे बघून ते वाक्य म्हणत होते. दोनदा, तीनदा म्हणाले. आणि मला ऐकू आलं, ‘मला नेऊ नका.’

इतकं स्पष्ट आलं, दादा, की माझ्या तोंडून निघून गेलं. नर्स होती, बोलण्याच्या बाई होत्या, शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून होती. सगळ्यांसमोर मी म्हणाले, ‘बाबा म्हणतायत मला नेऊ नका.’ बाबांनी पुन्हा तेच म्हटलं, आणि या वेळी नर्सही म्हणाली, ‘अगंबाई, खरंच की.’

आता पूर्ण वॉर्डाला ते ऐकू येतं. शेजारची सून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, आमचे काका किती छान बोलायला लागले. फरशी पुसणाऱ्या मावशीसुद्धा काल डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, नका नेऊ हो त्यांना. सगळे माझ्याकडे कौतुकाने बघतात. मुलीला बापाचं बरोबर कळतं, म्हणतात. त्या मजल्यावर आता एकही कान कोरा उरलेला नाही, आणि ते सगळे कान मी उष्टे केलेत.

बाबांनी खरंच तसं म्हटलं असेल, तर त्यांना नेणं म्हणजे त्यांच्यावर जबरदस्ती. म्हटलं नसेल, तर माझ्या एका वाक्यापायी तो फुगा तसाच डोक्यात राहील.


१२ मार्च
(न पाठवलेलं)

दादा,

तुझं काहीच आलं नाही. कुरिअरवाल्याला फोन केला, तो म्हणतो, पोचलं, सही आहे. सही वहिनीची आहे.

मी दुसरा मार्ग काढून बघितला. बाबांचं ते वाक्य रेकॉर्डिंगमधून वेगळं काढलं, पंख्याची घरघर कमी केली आणि प्रयोगशाळेतल्या लोकांना काही न सांगता ऐकवलं. पाच जण होते. आमच्या तंत्रज्ञाला ऐकू आलं, ‘मला पाणी हवं’. एकीला कुणाचंतरी नाव वाटलं. एक म्हणाला, हे बोलणंच नव्हे, ही नुसती लय आहे. एकाने कागद कोरा दिला. मोठ्या बाईंनी तीनदा ऐकलं, हेडफोन काढला आणि मलाच विचारलं, हे कोण आहे. मी म्हटलं, आहे एक पेशंट. संध्याकाळी त्यांनी माझ्या टेबलावर चहा पाठवला. त्या कधी कुणाला चहा पाठवत नाहीत.

पाच जणांत एकालाही ‘मला नेऊ नका’ ऐकू आलं नाही.

तिथेच थांबायला हवं होतं. पण जेवणाच्या सुट्टीत मी स्वतः निःशब्द खोलीत जाऊन बसले. तुला ती खोली माहीत नाही. भिंतींना जाड स्पंज, दार लावलं की बाहेरचं जग संपतं आणि आपल्याच गळ्यातली नाडी ऐकू यायला लागते. तिथे आम्ही श्रोत्यांची परीक्षा घेतो. त्यात मधे मधे आम्ही फसवे तुकडे घालतो. नुसती खरखर, आत वाक्यच नाही. कोण किती कल्पनेने भरतं, ते कळावं म्हणून. मी ती परीक्षा स्वतःवर लावली. वाक्यं मला ठाऊक नव्हती, ती तंत्रज्ञाने भरली होती.

मग निकाल बघितला. खऱ्या वाक्यांत मी नेहमीसारखी होते. पण फसव्या तुकड्यांत, जिथे काहीही नव्हतं, तिथे मी पुन्हा पुन्हा लिहिलं होतं, ‘मला नेऊ नका.’ लिहिताना एकदाही शंका आली नव्हती. आवाज बाबांचा होता. दादा, मी तो खरखरीत ऐकला. कुणी शपथ घ्यायला सांगितली असती तर घेतली असती.

आता मला कुठेही तो ऐकू येतो. वॉर्डातल्या ट्रॉलीचं एक चाक वाजतं, त्यात येतो. घरी नळ सोडला की येतो. माणसं बोलायला लागली की मी त्यांच्या ओठांकडे बघत राहते, कारण नुसत्या कानावर विसंबायची भीती वाटते. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की ऐकणं म्हणजे निम्मं आपणच भरणं असतं. ते वाक्य मी भाषणांत टाळ्या घेण्यासाठी वापरत होते.

आज दुपारी बाबांनी कपाळाला हात लावला. डावा हात, इथे, भुवईच्या वर. मी नर्सला हाक मारली. ती धावत आली. काही नव्हतं, माशी बसली होती. बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग ते वाक्य म्हणाले. मी म्हटलं, बरं बाबा.


१५ मार्च
(न पाठवलेलं)

दादा,

मला नेमकं तेच का ऐकू यावं, याचा मी विचार करते आहे. पाणी का नाही, कुणाचं नाव का नाही.

उत्तर तुलाही ठाऊक आहे. आईला आत नेलं तेव्हा आपण दोघं त्या पिवळ्या बाकावर बसलो होतो. तू घड्याळ बघत होतास आणि मी दार बघत होते. त्यानंतर कुठल्याही ऑपरेशनचं नाव निघालं की मला ते दार दिसतं. मलाच बाबांना न्यायचं नाही. ते वाक्य माझंच आहे. बाबांच्या तोंडाने मी मला हवं ते ऐकते आहे की काय, ही माझी भीती आहे, आणि ती मी या वॉर्डात कुणालाच सांगू शकत नाही.

पण आणखी एक गोष्ट खालून वर येते. तू बाबांशी बोलणं तोडलंस ते आई गेली म्हणून नव्हे. बाबांनी सही केली म्हणूनही नव्हे. दिवसकार्य आटोपल्यावर तू स्वयंपाकघरात उभा राहून म्हणालास, ‘तिला सांगितलंच नव्हतं कुणी. तिला वाटलं, तपासायला नेतायत.’ बाबा म्हणाले, ‘घाबरली असती रे.’ तू म्हणालास, ‘मग घाबरू द्यायचं होतं.’ आणि बॅग उचललीस. मी बाबांची बाजू घेतली. कारण बाबा खुर्चीत बसले होते आणि तू दारात उभा होतास, एवढंच असेल. बसलेल्या माणसाची बाजू घेणं सोपं जातं.

सर्जनच्या सहायकाचा आज फोन आला. काय ठरलंय, विचारत होता. मी म्हटलं, पंचवीसपर्यंत वेळ आहे ना. तो म्हणाला, आहे, पण फुग्याला तारखा कळत नाहीत, ताई. त्याने गंमत म्हणून म्हटलं असावं.

तू उत्तर का देत नाहीस? रागाने फेकून दिलंस की ऐकून घाबरलास?


१८ मार्च
(न पाठवलेलं)

दादा,

तुझं पत्र आलं. दवाखान्याच्या पॅडवर, दाताच्या चित्राखाली, तुझं ते मुंगीएवढं अक्षर.

तू लिहिलंस, ‘उशीर झाला, कारण आठवडाभर लावायची हिंमत झाली नाही. आवाज ऐकला आणि बंद केला. मग पुन्हा लावला. शब्द एकही कळला नाही, ठोकून देत नाही. पण बाबा काही सांगत नाहीयेत, विचारतायत. माझ्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून बसलेली माणसं असंच विचारतात. शब्द नसतात, पण आवाज शेवटी वर जाऊन थांबतो आणि डोळे माझ्यावर असतात. मी म्हणतो, बस, झालंच. मग ती पुन्हा विचारतात, कारण मी उत्तर दिलेलं नसतं. आणि एक, प्रत्येक वेळी मधे कोण “बरं बाबा” म्हणतं? तू का? तुझा आवाज किती आईसारखा झालाय.’

खाली वहिनीने वेगळ्या शाईने लिहिलं होतं. ‘मी स्वयंपाकघरात एकटी ऐकलं. कळलं काही नाही. पण ते कुणाची तरी वाट बघतायत असं वाटलं. चुकलं असेल तर माफ कर.’

मला आधी तुझा राग आला. खरं सांगते. वाक्यासाठी पाठवलं तर हा लयीवर बोलतोय, म्हटलं. मग मी मूळ रेकॉर्डिंग लावलं, तुला पाठवलेलं.

प्रयोगशाळेत ऐकवायचं वाक्य तयार करताना आम्ही त्याच्या आधीची आणि नंतरची शांतता छाटतो. ती टाकाऊ असते. हाताला इतकी सवय झाली आहे की कात्री कुठे लावली हेही आठवत नाही. त्या पाच जणांना मी दिलं ते असं छाटलेलं वाक्य होतं. वाक्याचं वर गेलेलं शेपूटसुद्धा त्यात अर्धं कापलं गेलं होतं. तुला घाईत पाठवायचं होतं म्हणून पूर्ण दुपार तशीच दिली.

मी त्या शांतता ऐकल्या. फक्त त्याच. बाबा म्हणतात आणि थांबतात. श्वाससुद्धा धरून ठेवतात, तो ऐकू येतो. आणि त्या शांततेत मी येते, ‘बरं बाबा.’ ग्लास ठेवल्याचा आवाज, चादर झटकल्याचा आवाज. बाबा पुन्हा म्हणतात, पुन्हा थांबतात. ‘बरं बाबा.’

दादा, त्यांना फुग्याबद्दल कुणीच सांगितलेलं नाही. सर्जन पायाशी उभे राहून ‘ऑपरेशनचं बघायचं ना’ एवढंच म्हणाले आणि मला बाहेर घेऊन गेले. काचेतून बाबांना मी दिसत होते. माझा चेहरा दिसत असणार. आत येऊन मी उशी नीट केली आणि हवापाण्याचं बोलले. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, बरं. ते विचारत राहिले आणि मी ते वाक्य उचलून प्रयोगशाळेत नेलं, पंख्याची घरघर काढली, पाच जणांना ऐकवलं, तुला कुरिअर केलं. आपण त्यांना काही सांगितलं आहे का, हा साधा प्रश्न मला पडला नाही. मी का सांगितलं नाही, ते तुला विचारायची गरज नाही. घाबरतील म्हणून.


२० मार्च
(न पाठवलेलं)

दादा,

काल सांगितलं.

बोलण्याच्या बाईंना आधी विचारलं, ऐकून रक्तदाब चढला आणि तिथेच काही झालं तर? त्या म्हणाल्या, ‘न सांगितल्यानं रोज चढतोय, तो तक्ता बघा की. मी दाराशी उभी राहते.’ बाबांना समजतं, पण सावकाश, एका वेळी एक छोटं वाक्य, आणि मधे जागा सोडायची, असं त्यांनी बजावलं. जागा सोडणं किती अवघड असतं, ते मला काल कळलं. जीभ आपोआप ‘बरं’ म्हणायला उठते. मी दातांखाली धरून ठेवली.

त्यांच्या डाव्या बाजूला बसले. म्हटलं, ‘बाबा, तुमच्या डोक्यात एका नसेला फुगा आलाय.’ थांबले. ‘तो फुटू शकतो. फुटला तर तुम्ही जाल.’ थांबले. माझाच आवाज मला दुसऱ्या खोलीतून येतोय असं वाटत होतं. ‘ऑपरेशन करता येतं. त्यातही तुम्ही जाऊ शकता.’ थांबले. ‘आईसारखं.’

हे शेवटचं मी ठरवलं नव्हतं.

बाबा हलले नाहीत. मान डोलावली नाही. गेल्या दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी कशालातरी मान डोलावली नाही. त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी यायला लागलं, तो डोळा तसाही गळतो, मी पुसलं नाही. मग पुढचं सांगितलं. कोण करणार, कसं करणार, किती वेळ लागेल, केस काढतील, कवळी काढून ठेवतील, मी बाहेर असेन. आणि म्हटलं, ‘तुम्ही सांगाल तसं. आज नाही सांगितलं तरी चालेल.’

त्या क्षणापासून ते वाक्य बंद झालं आहे. रात्री नाही, सकाळी नाही. शेजारची सून काळजीने म्हणाली, काका परत बोलेनासे झाले वाटतं.

आज सकाळी मी त्यांचं तोंड पुसत होते. काही विचारलं नव्हतं. त्यांनी डाव्या हाताने माझा हात बाजूला केला, तोंडात बोटं घातली आणि कवळी काढली. ती तूच बसवलेली, खालची कडा जरा टोचते म्हणून त्यांनी वर्षभर कुरकूर केली आणि दुसऱ्या कुणाकडे दाखवायला मात्र नेली नाही. माझ्या तळहातावर ठेवली. माझी बोटं एकेक करून तिच्यावर मिटवली. आणि बसलेल्या गालांनी माझ्याकडे बघत राहिले.

मला वाटलं ते तुलाही वाटेल. पण गेल्या पंधरवड्यात मला जे वाटलं त्याचं काय झालं, ते मी पाहिलंय. कवळी धुऊन पुन्हा त्यांना बसवली आणि बोलण्याच्या बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘एकदा घडलं त्याला उत्तर नका धरू. दुसऱ्या कुणीतरी विचारायला हवं. ज्याला हे ठाऊक नाही अशा माणसानं.’

असा माणूस मला एकच ठाऊक आहे. मी कपाटाला टेकून उभी राहिले. मला हे उत्तर नको आहे, दादा. ‘मला नेऊ नका’ हे चुकीचं होतं, पण त्यात मला बाकावर बसावं लागत नव्हतं.


२१ मार्च
(पाठवलं)

दादा,

तुझं बरोबर आहे. ते विचारत होते. मी त्यांना सगळं सांगितलं आहे.

आता तू ये. पंचविसाच्या आत. आल्यावर मी तुला काही सांगणार नाही, तूही विचारू नकोस. तू त्यांना सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायचंस, जसं आईला सांगायला हवं होतं असं तू म्हणाला होतास तसं. मला खात्री नाही की त्यांना तुला बघायचं आहे. तुला त्यांना बघायचं आहे का, तेही ठाऊक नाही. ते नंतर बघू. खर्चाचं, रजेचं, मुलांच्या परीक्षेचं काय ते वहिनी बघेल, तिला माझा नमस्कार सांग, आणि तिचं चुकलं नव्हतं असंही सांग.

तुझी,
बारकी


२४ मार्च
(हॉस्पिटलच्या बाकावर. आधीच्या पत्रांबरोबर हातात देण्यासाठी.)

दादा,

तू आत गेलास आणि माझ्या हाताला काहीतरी हवं म्हणून हे.

सकाळी तू आलास तेव्हा आपण काय बोललो? तू म्हणालास, केवढी वाळलीस. मी म्हटलं, तुझे केस कुठे गेले. तू म्हणालास, पेशंट उपटतात. मग आपण दोघं लिफ्टच्या दाराकडे बघत राहिलो. इतक्या वर्षांनी एवढंच. बरं झालं. तू आणखी काही बोलला असतास तर मी सगळं सांगून बसले असते.

एकच सांगितलं, की प्रत्येक वाक्यानंतर थांब, ‘बरं’ म्हणू नकोस. तू म्हणालास, ‘मी कधी कुणाला बरं म्हटलंय?’

काचेतून मला तुझी पाठ दिसते आणि बाबांचा अर्धा चेहरा. तू आत शिरलास तेव्हा त्यांनी तुला ओळखलं की नाही, ते कळलं नाही. चेहरा हलला, पण तो आता कशानेही हलतो. तू खुर्ची डावीकडे ओढलीस. ते मी सांगितलं नव्हतं.

ऐकू काहीच येत नाही. दार जाड आहे. तुझे खांदे बोलताना पुढे येतात आणि मग थांबतात. पुढे येतात, थांबतात. तू छान थांबतोस. माझ्यापेक्षा लांब. बोलण्याच्या बाई येऊन माझ्या शेजारी बसल्या होत्या, आत्ता उठून गेल्या. म्हणाल्या, आपण दोघींनी एकदम बघू नये.

मला भीती वाटते की ते काहीच करणार नाहीत आणि मग मी त्या सकाळी बघितलं तेही माझंच असेल. त्याहून मोठी भीती वाटते की करतील.

तुझे खांदे आता कितीतरी वेळ हललेले नाहीत. तुझं सांगून संपलं आहे. बाबा तुझ्याकडे बघतायत. तू मान खाली घातलीस, पुन्हा वर केलीस.

डावा हात उचलला आहे. तुझ्या खांद्याआड गेला, मला दिसत नाही. तू पुढे वाकलास.

नर्स मधे आली.

ती बाजूला झाली तेव्हा तू उभा होतास. तू दाराकडे येतो आहेस. एक हात खिशात आहे आणि एक पुढे, मूठ मिटलेली, जपून धरल्यासारखी. चेहरा आईच्या वेळी होता तसा नाही. कसा आहे, ते मी ठरवणार नाही.

मी लिहायचं थांबवते. तू दार उघडलंस की मी काही विचारणार नाही. आधी तूच बोल.